अर्धी शिवी

सकाळी सात वाजता बैलांची जुंपायची आणि सात वाजून पाच मिनिटांनी माणसांची. बैल नांगराला, माणसं एकमेकांना. उतारावरच्या शेतांत वर्षानुवर्षं हा क्रम चालू होता आणि खालच्या वस्तीत त्यावर लोक घड्याळं लावत.

त्या दोन माणसांपैकी एकाला तोफ म्हणत. त्याचा आवाज दोन शेतं ओलांडून ओढ्यापलीकडे जायचा. दुसरा एरंडेल. त्याचा चेहरा जन्मापासून एरंडेल प्यायल्यासारखा होता. लग्नाच्या फोटोतसुद्धा तो नुकताच डोस घेतल्यासारखा उभा होता.

सतरा वर्षांपूर्वी गुरांच्या एकाच साथीत दोघांचाही एकेक बैल मेला. उरले तोफेचा तांबडा आणि एरंडेलाचा बांडा. एका बैलावर नांगर चालत नाही आणि उतारावरच्या त्या चिंचोळ्या पट्ट्यांत ट्रॅक्टर शिरत नाही. तेव्हा दोघांनी बैल एकत्र केले. अडला हरी, गाढवाचे पाय धरी, असं लोक म्हणाले. त्यातला हरी कोण आणि गाढव कोण, एवढाच वाद पुढे सतरा वर्षं चालला.

पद्धत ठरलेली होती. ज्याचं शेत त्याने नांगर धरायचा, दुसर्‍याने बैलांच्या बाजूने चालायचं, आणि दोघांनी तोंड चालू ठेवायचं.

"तुझा बांडा ओढत नाहीये. फिरायला आलाय तो. हवापालट करायला."

"आणि तुझा तांबडा? सासरवाडीला निघालेला जावई दिसतोय. मानपान झाल्याशिवाय पाय उचलत नाही."

"नांगर मी धरलाय म्हणून रेघ सरळ आहे. तुझ्या शेतातली रेघ बघून परवा साप वाट चुकला."

असं. हात कधी उगारला नाही, शब्द कधी खाली पडू दिला नाही.

त्या सोमवारी तोफेच्या शेतात चौथी रेघ संपली. तोफेने नांगर वळवला, दम घेतला आणि म्हणाला, "एरंडेला, तुझा बैल म्हणजे नुसता—"

आणि थांबला.

एरंडेल पाठमोरा उभा राहून पुढच्या शब्दाची वाट बघू लागला. त्याने उत्तरही तयार ठेवलं होतं. तोफेने शिवी अर्धी सोडल्याचं त्याला आठवत नव्हतं. ठसका लागला तर तोफ पाणी पिऊन यायचा आणि उरलेली पुरी करायचा. एरंडेलाने मागे बघितलं. तोफ ढेकळांवर बसला होता. एक हात छातीवर, आणि सकाळच्या गार वार्‍यात कपाळावरून घामाच्या धारा.

"नुसता काय?" एरंडेलाने विचारलं.

तोफ बोलला नाही. तेव्हा एरंडेल रस्त्याकडे धावत सुटला.

दुधाची गाडी शहराला निघाली होती. एरंडेलाने ती रस्त्यात आडवा पडून थांबवली, तोफेला कॅनच्या मधोमध झोपवलं आणि शहर येईपर्यंत त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. नंतर कोणी विचारलं, तर कॅन कलंडू नयेत म्हणून धरलं होतं, असं तो सांगायचा.

दवाखान्यातली डॉक्टर तोफेच्या धाकट्या बहिणीएवढी होती. चौथ्या दिवशी तिने कागदावर हृदय काढून दाखवलं. एक नळी बंद होती, ती उघडून आत जाळी बसवली होती. दुसरी निम्मी बंद होती, तिला गोळ्या. आणि झटक्यात हृदयाचा एक भाग कायमचा कमजोर झाला होता.

तोफेची बायको पदर तोंडाशी धरून ऐकत होती. तोफेने कागद आडवा-उभा करून बघितला.

"म्हणजे पंपाची मोटर अर्धी जळाली."

"साधारण तसंच," डॉक्टर म्हणाली.

"वाइंडिंग नवीन करता येत नाही?"

"नाही. आहे त्या मोटरवर चालवायचं. पण नीट सांभाळलं तर पुष्कळ चालते."

"नांगर?"

"नाही."

"पाण्याची घागर?"

"नाही. जड काही उचलायचं नाही. मीठ कमी. गोळ्या चुकवायच्या नाहीत. रोज सावकाश चालायचं."

"रागाचंही सांगा डॉक्टर," एरंडेल दारातून म्हणाला. "याला फार येतो."

"राग नको, भांडण नको. आनंदात राहा."

"आनंदात राहायचं ते जेवणाआधी की जेवणानंतर?" तोफेने विचारलं.

कोणी हसलं नाही. तोफेने एरंडेलाकडे बघितलं. एवढा आयता चेंडू त्याने कधीच सोडला नसता. पण एरंडेल जमिनीकडे बघत उभा होता. डॉक्टरने कागदावर काढलेलं तोफेला तितकंसं कळलं नव्हतं. ते त्या क्षणी कळलं.

घरी आल्यावर अवघड काळ सुरू झाला. गोळ्या सहा होत्या, त्या त्याने गिळल्या. बिनमिठाची भाजी गिळली. पण घरातली शांतता घशाखाली उतरेना. त्याच्या बायकोने तीस वर्षांत त्याचं एकही वाक्य बिनविरोध जाऊ दिलं नव्हतं. आता ती प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणायला लागली होती. त्याने परीक्षा घेतली.

"आज ऊन नाही."

बाहेर अंगण तापून पांढरं पडलं होतं. "हो, नाही," बायको म्हणाली.

"तुझा भाऊ बावळट आहे."

बायकोच्या हातातला झाडू थांबला. मान ताठ झाली, नाकपुड्या हलल्या. मग तिने श्वास सोडला. "असेल," ती म्हणाली, आणि पुन्हा झाडायला लागली.

तोफ भिंतीकडे तोंड करून झोपला.

भेटायला येणारे उंबर्‍यातूनच आवाज खाली आणत. तो समोर बसलेला असताना त्याच्या बायकोला विचारत, "झोप लागते का त्यांना?" पिठाच्या गिरणीवाला तासभर बसला. म्हणाला, "आमच्या मावसभावाला अगदी हेच झालं होतं. अगदी हेच."

"मग?"

गिरणीवाल्याने छताकडे बघितलं. "वासे चांगले आहेत तुमचे."

"मावसभावाचं काय झालं?"

"जुनं लाकूड. आता असं मिळत नाही," म्हणून गिरणीवाला उठला.

संध्याकाळी एरंडेल आला. दाराबाहेर चपला जोडीने काढल्या, आत येऊन कोपर्‍यात बसला, हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाला, "दादा, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

तोफ ताडकन उठून बसला. "कोणाला?"

"तुम्हाला."

"बघितलंस?" तोफ बायकोवर ओरडला. "हा मला अहोजाहो करतोय! मी किती दिवसांचा सोबती आहे ते खरं सांग. डॉक्टरने तुम्हाला बाजूला घेऊन काय सांगितलं?"

"काही नाही सांगितलं हो," बायको म्हणाली.

"दादा, तुम्ही त्रास करून घेऊ नका," एरंडेल म्हणाला. "शेताचीही काळजी नको. आधी तुमचं शेत नांगरून देतो, मग माझं. बैल तुमचाच पुढे..."

"आणि माझा बैल आळशी आहे, त्याचं काय?"

एरंडेलाच्या गालाची शीर उडाली. "गुणी आहे हो बिचारा," असं म्हणून तो चपला घालून निघून गेला. उलट्या घातल्या होत्या.

दोन दिवसांनी एक मोठी सर पडून गेली आणि जमिनीला वाफसा आला. उतारावरच्या त्या मातीचं सगळं गणित वाफशावर होतं. पाच-सहा दिवस ती लोण्यासारखी कापली जायची. त्यानंतर अशी आवळायची की नांगराचा फाळ वाकावा. तेवढ्यात नांगरट झाली नाही, तर दोघांच्याही घरात वर्षभराचं धान्य नाही.

पहिल्या सकाळी सात वाजता एरंडेलाने बैल जुंपले. नांगर धरला. म्हणाला, "चला रे, राजांनो."

बैल उभे राहिले.

त्याने चुचकारलं. पाठीवर थाप दिली. हिरवा चारा दाखवला, तो बैलांनी खाल्ला आणि पुन्हा उभे राहिले. आजारी आहेत म्हणावं, तर रवंथ जोरात चालू होतं. नऊ वाजेपर्यंत दोघांनी मिळून शेपटीने माश्या तेवढ्या हाकलल्या.

तांबडा आणि बांडा सतरा वर्षं भांडणावर चालत आले होते. तोफेचा आवाज आला की उजवा पाय, त्याला उत्तर आलं की डावा. भांडण नाही म्हणजे काम नाही, एवढंच ते शिकले होते. बांधावर जमलेल्यांच्या हे ध्यानात आलं, तेव्हा गिरणीवाला म्हणाला, "मग भांड की."

"कोणाशी?"

"माझ्याशी."

गिरणीवाल्याने तीनेक शिव्या देऊन बघितल्या. बैलांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा पुढे केली.

दुसर्‍या दिवशी एरंडेलाने एकट्यानेच दोघांचं भांडण सुरू केलं. आधी स्वतःच्या आवाजात बोलायचा, मग उडी मारून पलीकडे जायचा आणि तोफेच्या आवाजात उत्तर द्यायचा. "तुझा बांडा फिरायला आलाय!" "तुझा तांबडा जावई आहे!" असा इकडून तिकडे उड्या मारत तो तासभर स्वतःशी कडाकडा भांडला. शिव्या बरोबर होत्या, आवाज मात्र अंड्यावर बसलेल्या कोंबडीचा होता. बैल सहा पावलं चालले, मग त्यांना फसवणूक कळली.

हे सगळं खाली अंगणात तोफेला ऐकू येत होतं. त्याच्या शिव्या कोणीतरी चोरून नेऊन मोडक्या करून वापरत होतं. तो तसाच उठला.

"कुठे?" बायकोने विचारलं.

"डॉक्टरने चालायला सांगितलंय."

"सावकाश सांगितलंय."

तो सावकाशच चालला. मागून बायको निघाली, गोळ्यांची डबी, पाण्याची बाटली आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन. नेहमी पाच मिनिटांत चढायचा तो उतार चढायला बावीस मिनिटं लागली. दोनदा थांबावं लागलं. दुसर्‍यांदा थांबला तेव्हा बायको दुसरीकडे बघत उभी राहिली, आणि त्याने ते बघितलं.

शेताच्या कडेला पोचल्यावर तो खुर्चीत बसला. श्वास जागेवर आला. नांगराच्या मुठीवर दुसर्‍याचा हात होता. तीस वर्षं तोफेच्याच तळव्याने घासून गुळगुळीत केलेली मूठ होती ती. त्याने तिच्याकडे थोडा वेळ बघितलं आणि मग तोंड उघडलं.

"एरंडेला! नांगर धरलायस की म्हातारीची काठी?"

तांबड्याचा कान हलला. दोन्ही बैलांनी एक पाऊल टाकलं आणि उत्तरासाठी थांबले.

एरंडेलाने हात जोडले. "दादा, शांत राहा. तुम्हाला त्रास होईल."

"मला दादा म्हणू नकोस!"

आणखी एक पाऊल.

"बघ," तोफ म्हणाला, "बैलांना कळतं ते तुला कळत नाही. भांड माझ्याशी."

"नाही भांडणार."

"माती आवळत चाललीय. भांड."

"नाही! डॉक्टरांनी मला सांगितलंय. तुम्हाला काही झालं तर वहिनींना काय तोंड दाखवू?"

"दाखवण्यासारखं तोंड आहे का ते?"

एरंडेलाचे ओठ थरथरले. उत्तर जिभेच्या टोकावर आलेलं स्पष्ट दिसत होतं. त्याने ते गिळलं. डोळ्यांत पाणी आलं, ते दुःखाने की गिळण्याच्या कष्टाने, सांगता येत नाही. बैल पुन्हा रवंथ करायला लागले.

तोफेचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "अरे, घरात सगळे मला जपून ठेवतायत. काचेचं भांडं ठेवतात तसं. बायको म्हणते माझा मेहुणा बावळट आहे. तू अहो म्हणतोस. झटक्यातून वाचलो रे मी. आता तुमच्या गोडपणाने मरतोय."

मग तोफेची बायको म्हणाली, "माझा भाऊ बावळट नाही." आणि तिने उपकेंद्रातल्या सिस्टरला फोन लावला.

सिस्टर स्कूटरवरून आली. बांधाशी स्कूटर लावली, रक्तदाबाचं यंत्र काढलं, पट्टा तोफेच्या दंडाला गुंडाळला. दहा मिनिटं कोणालाही बोलू दिलं नाही. मग एरंडेलाला म्हणाली, "हं, गोड बोला."

"दादा, काही काळजी करू नका, मी आहे ना," एरंडेल म्हणाला.

"एकशे अडुसष्ट," सिस्टर म्हणाली.

"म्हणजे?" बायकोने विचारलं.

"म्हणजे जास्त. आता भांडा. पण खुर्चीवरून उठायचं नाही, आणि दम लागला की थांबायचं."

एरंडेल नांगराजवळ गेला. घसा खाकरला. इतके दिवस तुंबलेलं सगळं एकदम दाराशी आलं होतं आणि दारात अडकलं होतं. शेवटी तो म्हणाला, "तू... तू खुर्चीत बसलायस तो पोत्यात बटाटे भरल्यासारखा दिसतोयस!"

तोफेचा चेहरा उजळला. "बटाट्याला भाव तरी येतो! तुला फुकट कोणी नेणार नाही!"

"दुधाच्या गाडीत मीच नेलं तुला! वाटेत सगळं दूध नासलं!"

"माझ्यामुळे नाही, तुझं तोंड बघून!"

बैल निघाले. उजवा पाय, डावा पाय, जसे काही मधले दिवस गेलेच नव्हते. फाळ मातीत शिरला आणि काळी ओली माती दोन्ही बाजूंनी उलटत गेली. एरंडेल नांगर दाबत ओरडत होता, तोफ खुर्चीतून उत्तर देत होता आणि तांबडा-बांडा मान डोलावत चालले होते. तीन रेघा झाल्यावर सिस्टरने पुन्हा मोजलं.

"एकशे चाळीस."

तिचा विश्वास बसेना. तिने यंत्र स्वतःला लावून बघितलं, एरंडेलाला लावून बघितलं, पुन्हा तोफेला लावलं. "एकशे अडतीस." मग तिने शहरातल्या डॉक्टरला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"खुर्चीत बसून?" डॉक्टरने विचारलं.

"बसून."

"राग येतोय का त्यांना?"

सिस्टरने तोफेला विचारलं. तोफ विचारात पडला. सतरा वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. "नाही," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. "ह्याचा कसला राग? हा असाच आहे."

मग डॉक्टरने परवानगी दिली, पण मापात. एका वेळी अर्धा तास, मग तेवढीच विश्रांती. आधी गोळी. सिस्टरने आपल्याकडून एक भर घातली. बैल, नांगर आणि तोंड यांवर बोलायचं, बापजाद्यांवर जायचं नाही, कारण एकदा एरंडेलाने तोफेच्या आजोबांचा विषय काढला, तेव्हा काटा भसकन वर गेला होता.

चार दिवस नांगरट चालली. बायको बांधावर बसून घड्याळ बघायची आणि अर्धा तास झाला की "पुरे" म्हणायची. दोघे वाक्याच्या मध्यात थांबायचे, बैलही थांबायचे. विश्रांती झाली की वाक्य तिथूनच पुढे. दुसर्‍या दिवशी एरंडेलाने एक रेघ ओढली, ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतासारखी सरळ गेली. तोफ तिच्याकडे बघत राहिला. तोफेने स्वतःही तशीच ओढली असती.

"वाकडी आहे," तो म्हणाला.

एरंडेलाने मागे वळून रेघ नीट बघितली, मग तोफेकडे बघितलं. "तुझ्या नजरेइतकी नाही," तो म्हणाला, आणि पुढची रेघ मुद्दाम जरा वाकडी ओढली.

चौथ्या दिवशी ऊन कलताना दोन्ही शेतं पुरी झाली. दुसर्‍या दिवशी माती आवळली. फावडं मारलं तर ठण्ण वाजलं असतं. पण ती दुसर्‍या दिवसाची गोष्ट. त्या संध्याकाळी एरंडेलाने बैल सोडले, त्यांना गोठ्याच्या वाटेला लावलं आणि येऊन खुर्चीजवळ जमिनीवर बसला. दोघांचे घसे बसले होते.

"एक विचारू?" एरंडेल म्हणाला. "त्या सोमवारी तू म्हणालास, तुझा बैल म्हणजे नुसता. नुसता काय?"

"एवढे दिवस तेच घोळवतोयस?"

"झोप नाही मला. नुसता दगड? नुसता ठोंब्या? बायको म्हणते नुसता बैल. पण तू एवढं साधं बोलणार नाहीस."

तोफेला ती शिवी आठवत होती. दवाखान्यात छताकडे बघत पडला होता तेव्हाही ती तोंडात तशीच होती, न चावलेल्या घासासारखी. फार चांगली शिवी होती. त्याने नांगरलेल्या शेतावरून नजर फिरवली.

"पुढच्या वर्षीच्या नांगरटीला सांगतो," तो म्हणाला.

एरंडेलाने बोटांवर महिने मोजले. "लांब आहे."

"आहे."

"आणि मधेच मेलास तर?"

गोळ्यांची डबी उघडणारा तोफेच्या बायकोचा हात थांबला. इतक्या दिवसांत हा शब्द कोणीही त्याच्या तोंडावर उच्चारला नव्हता. तोफ खुर्चीत मागे टेकला आणि इतका हसला की त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला.

"मेलो तर तुझे हाल कुत्रा खाणार नाही. जन्मभर 'नुसता काय, नुसता काय' करत फिरशील."

"मरून तर बघ," एरंडेल म्हणाला. "तंगडं मोडून ठेवीन."

"गोळी," बायकोने हात पुढे केला.

"नंतर घेतो."

"नंतर नाही, आत्ता! आणि त्या दिवशी माझ्या भावाला काय म्हणालात ते मी विसरलेले नाही. बावळट म्हणे! आरशात बघितलंय का कधी?" ती ओरडली. इतक्या दिवसांचा साठलेला आवाज होता तो. ओढ्यापलीकडे गेला.

गोठ्याच्या वाटेला लागलेले दोन्ही बैल जागीच थांबले. त्यांनी एकमेकांकडे बघितलं, सुस्कारा सोडला, मागे वळले आणि कोणी जुंपलेलं नसताना शेताकडे परत चालू लागले.